गारचॉम्प की सॅलमेन्स? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धात्मक पोकेमॉन खेळणारे चार जण एकत्र आले की गारचॉम्प आणि सॅलमेन्स या दोन ड्रॅगन पोकेमॉनपैकी भारी कोण, हा वाद हमखास निघतो, आणि बहुतेक वेळा "माझ्या संघात तो कसा खेळला" एवढ्याच जोरावर लढवला जातो. इथे तो जरा आकडे हातात घेऊन तपासू. जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे लेव्हल १०० आणि आयव्ही (पोकेमॉनचे जन्मजात गुण) ३१ धरले आहेत.

आधी निकाल सांगा. कोण भारी?

एकेरी लढतीत, मेगा (लढतीपुरता मिळणारा ताकदवान अवतार) नसेल तर गारचॉम्प. मेगा चालत असेल तर सॅलमेन्स, आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. दुहेरीत दोघांची कामं इतकी वेगळी आहेत की संघ बघूनच ठरवावं लागतं.

माझं मत असं की हा वाद ताकदीचा कधी नव्हताच. गारचॉम्प कुठल्याही संघात घाला, तो आपलं पोट आपण भरतो. सॅलमेन्सला आधी मैदान झाडून द्यावं लागतं, वाटेतले दोन-तीन अडथळे दुसऱ्याने दूर करावे लागतात. एवढं केलंत तर तो सामना एकहाती संपवतो. तेवढं करायची तुमची तयारी किती, यावर उत्तर ठरतं.

पण याच दोघांची तुलना का? ड्रॅगनाइट, हायड्रायगन, ड्रॅगापल्ट यांनी काय घोडं मारलंय?

सगळ्यांच्या मूळ आकड्यांची बेरीज ६०० आहे, कबूल. पण ड्रॅगनाइटचा वेग ८०, तो मल्टिस्केलच्या (एचपी पूर्ण असताना मार निम्मा करणारी अॅबिलिटी) आडोशाने खेळतो. हायड्रायगन मुख्यतः स्पेशल हल्ला करतो. ड्रॅगापल्टचा वेग १४२, तो वेगळ्याच जगात राहतो. गारचॉम्प आणि सॅलमेन्स मात्र एकाच जागेसाठी भांडतात: वेगवान, हल्ला १३० च्या घरात, अर्थक्वेक आणि आउटरेज दोघांकडे, बर्फाचा मार दोघांना चौपट. शिवाय सॅलमेन्स २००२ च्या रुबी-सफायरचा आणि गारचॉम्प २००६ च्या डायमंड-पर्लचा. म्हणजे पाठोपाठच्या दोन पिढ्यांनी एकाच पदासाठी दोन उमेदवार उभे केले.

मूळ आकडे काय आहेत?

गारचॉम्प: एचपी (जीव) १०८, हल्ला १३०, बचाव ९५, स्पेशल हल्ला ८०, स्पेशल बचाव ८५, वेग १०२.

सॅलमेन्स: एचपी ९५, हल्ला १३५, बचाव ८०, स्पेशल हल्ला ११०, स्पेशल बचाव ८०, वेग १००.

बेरीज सारखीच, वाटणी वेगळी. सॅलमेन्सने स्पेशल हल्ल्यात जे ३० जास्त घातले, ते गारचॉम्पने मुख्यतः एचपी आणि बचावात घातले आहेत. हल्ल्यातला पाचाचा फरक विसरून जा, मैदानावर तो क्वचित जाणवतो.

वेगात फक्त दोनाचा फरक आहे. त्याचं एवढं कौतुक कशाला?

कारण शंभरावर झुंबड आहे. झॅपडॉस, जिराची, सेलेबी, म्यू, चारिझार्ड, फ्लायगन, व्होल्करोना, स्टॅरॅप्टर हे सगळे नेमके १०० वर उभे आहेत, आणि सॅलमेन्सही त्यांच्यातच. दोघांचा वेग सारखा असला की आधी कोण मारणार हे नाणं उडवून ठरतं. गारचॉम्प १०२ वर असल्यामुळे त्याला या रांगेत उभंच राहावं लागत नाही. तो १०१ च्या लँडोरसच्याही पुढे आहे.

प्रत्यक्ष हिशोब असा. वेगात पूर्ण २५२ ईव्ही (सरावाने मिळणारे गुण) आणि जॉली नेचर (वेग वाढवणारा स्वभाव) दिलं तर गारचॉम्प ३३३ वर जातो, सॅलमेन्स ३२८ वर. लेव्हल ५० च्या अधिकृत सामन्यांत हेच आकडे १६९ आणि १६७ होतात. वेगात एकाचा फरकही पुरतो, इथे तर दोन-पाचाचा आहे.

गंमत पुढे आहे. सॅलमेन्सने एकदा ड्रॅगन डान्स केला की वेग दीडपट होतो: ३२८ चा ४९२. समोरच्या गारचॉम्पने चॉइस स्कार्फ घातला असेल तर त्याचाही वेग दीडपट: ३३३ चा ४९९. म्हणजे सॅलमेन्सने एक टर्न खर्च करून नाच केला, तुम्हाला वाटलं आता गाडी सुटली, आणि स्कार्फवाला गारचॉम्प येऊन आधी मारून गेला. अॅडमंट (वेगाऐवजी हल्ला वाढवणाऱ्या) नेचरचीही तीच गत: नाचलेला सॅलमेन्स ४४८, अॅडमंट स्कार्फ गारचॉम्प ४५४. मूळ आकड्यातले ते दोन अंक दीडपटीनंतरही पाठ सोडत नाहीत. सॅलमेन्स घेऊन खेळणाऱ्याने समोरच्या संघात गारचॉम्प दिसला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: याच्याकडे स्कार्फ आहे का?

समोरासमोर उभे केले तर कोण जिंकतो?

जो आधी मारतो तो. आणि वस्तू-नाच काही नसेल तर आधी गारचॉम्प मारतो.

हल्ल्यात पूर्ण ईव्ही असलेल्या जॉली गारचॉम्पचा हल्ला ३५९ होतो. बचावावर काहीही खर्च न केलेल्या सॅलमेन्सचा एचपी ३३१, बचाव १९६. आउटरेज कमीत कमी ४७४ चा मार देतो. विषय संपला. उलट बाजूने, सॅलमेन्सचा आउटरेज किंवा ड्रॅको मीटिअरही ३५७ एचपीच्या गारचॉम्पला एका फटक्यात खाली पाडतो. पण त्यासाठी आधी पाळी यायला हवी.

मात्र सामना असा "दोघं आमनेसामने उभे" करून सुरू होत नाही. एक मैदानात असतो, दुसरा बदली म्हणून आत येतो. आत येणारा सॅलमेन्स असेल तर चित्र बदलतं, कारण येताना तो इंटिमिडेटने समोरच्याचा हल्ला एक पायरी उतरवतो. ३५९ चे २३९ होतात. आता तोच आउटरेज ३१४ ते ३७२ एवढा लागतो, सॅलमेन्सचे एचपी ३३१. नुकसानीच्या १६ शक्यतांपैकी ११ मध्ये सॅलमेन्स पडतो, ५ मध्ये वाचतो. आणि गारचॉम्पने अर्थक्वेक दाबला असेल तर सॅलमेन्सला काहीच लागत नाही, तो हवेत आहे. गारचॉम्पची सगळ्यात जास्त दाबली जाणारी मूव्ह अर्थक्वेकच असल्याने सॅलमेन्सचा खेळाडू नेमकी हीच वेळ साधतो.

आणखी एक बारीक हिशोब सांगतो, कारण असे सामने अशाच ठिकाणी फिरतात. मैदानावर समोरच्याने स्टेल्थ रॉक टाकलेत. सॅलमेन्स आत येतो, दगडांनी त्याचे ८२ एचपी जातात, उरतात २४९. इंटिमिडेट लागतो. गारचॉम्प आउटरेजमध्ये अडकायला नको म्हणून ड्रॅगन क्लॉ मारतो. त्याचा जास्तीत जास्त मार किती? २४८. सॅलमेन्स १ एचपीवर उभा राहतो, आणि त्याच्याकडे स्कार्फ असेल तर पुढच्या टर्नला आधी मारून गारचॉम्पला घेऊन जातो. म्हणून तर लोक सामना खेळताना शेजारी डॅमेज कॅल्क्युलेटर उघडून बसतात.

स्टेल्थ रॉकचा उल्लेख सारखा येतो. तो या वादात इतका महत्त्वाचा का?

माझ्या मते सगळा वाद तिथेच येऊन संपतो, म्हणून थोडं सविस्तर.

स्टेल्थ रॉक ही मूव्ह चौथ्या पिढीत, म्हणजे २००६ मध्ये आली. एकदा टाकली की समोरचा जो कोणी बदली होऊन आत येईल त्याला टोकदार दगड बोचतात. साध्या पोकेमॉनचा आठवा हिस्सा एचपी जातो, पण रॉक प्रकाराचं जसं वावडं असेल तसं हे प्रमाण बदलतं. सॅलमेन्स फ्लाइंग असल्याने त्याला दुप्पट लागतं: प्रत्येक वेळी आत येताना पाव एचपी. चारदा आत आला की काही न करता जवळजवळ मेला. गारचॉम्प ग्राउंड असल्याने त्याला निम्मं: सोळावा हिस्सा.

२५ टक्के विरुद्ध सव्वासहा टक्के. हा फरक मूळ आकड्यांच्या कुठल्याही रकान्यात दिसत नाही आणि तरी सगळ्यात मोठा आहे. सॅलमेन्सचं सगळं शस्त्र, म्हणजे इंटिमिडेट, आत-बाहेर करण्यावर चालतं. जेवढं आत-बाहेर कराल तेवढे दगड खाल. मग रूस्टने एचपी भरून काढा, त्यात एक टर्न घालवा. किंवा संघात रॅपिड स्पिन वा डिफॉगने दगड हटवणारा कोणी ठेवा. म्हणजे सॅलमेन्स निवडला की संघातली दुसरी जागाही त्याच्या तैनातीला गेली.

आणि जखमेवर मीठ: स्टेल्थ रॉक टाकणाऱ्यांतला एक आवडता पोकेमॉन स्वतः गारचॉम्पच आहे. नवव्या पिढीत तर त्याच्याकडे स्पाइक्सही (जमिनीवर पसरायचे काटे) आहेत.

२०१९ मध्ये आठव्या पिढीत हेवी-ड्यूटी बूट्स आले तेव्हा सॅलमेन्सवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बूट घातले की दगड लागत नाहीत. पण एका पोकेमॉनला एकच वस्तू धरता येते. बूट घातले म्हणजे लाइफ ऑर्बचा वाढीव मार गेला, लेफ्टोव्हर्सची हळूहळू भर गेली. गारचॉम्पला हा दंड भरावा लागत नाही, त्याची वस्तू मोकळी राहते.

अॅबिलिटी कोणाची चांगली?

सुटी अॅबिलिटी बघितली तर सॅलमेन्सची. इंटिमिडेट क्वचितच वाया जातो. दुसरी, लपलेली अॅबिलिटी मॉक्सी: एक पोकेमॉन पाडला की हल्ला एक पायरी वर. स्कार्फ घालून शेवटी शेवटी सफाई करायला ती बरी.

गारचॉम्पकडे सँड व्हेल आणि लपलेली रफ स्किन. सँड व्हेलची कहाणी पुढच्या प्रश्नात. रफ स्किन म्हणजे अंगाला हात लावणाऱ्याचा आठवा हिस्सा एचपी गेला. त्यावर रॉकी हेल्मेट चढवलं तर आणखी सहावा हिस्सा. दोन्ही मिळून एका स्पर्शाला २९ टक्क्यांच्या आसपास. सहाव्या पिढीत मेगा कँगसखान दोनदा मारायची, आई एकदा आणि पिल्लू एकदा. ती गारचॉम्पवर तुटून पडली की दोन्ही फटक्यांचा दंड तिलाच बसायचा, निम्म्याहून जास्त एचपी स्वतःच्याच हल्ल्यात जायचे. आकडा न बघता मारणाऱ्यांना हा सेट फार महागात पडला.

दोघांवर बंदी आली होती म्हणतात. नेमकं काय घडलं?

इथे बंदी म्हणजे कंपनीची नव्हे. २००४ मध्ये सुरू झालेल्या स्मोगन या खेळाडूंच्या समुदायाने सामने समतोल राहावेत म्हणून पोकेमॉनचे स्तर पाडले आहेत. मुख्य स्तर ओयू. तिथे जो फार डोईजड होतो त्याची रवानगी उबर्समध्ये होते. अधिकृत स्पर्धांचे नियम वेगळे आहेत, तिथे दोघेही सर्रास खेळले.

थोडं मागे जाऊ. तिसऱ्या पिढीपर्यंत मूव्ह फिजिकल (हल्ल्याच्या आकड्यावर चालणारी) की स्पेशल (स्पेशल हल्ल्याच्या आकड्यावर चालणारी) हे प्रकारावरून ठरायचं आणि ड्रॅगन प्रकार सगळाच स्पेशल होता. त्यामुळे सॅलमेन्सला आपल्या १३५ च्या हल्ल्याने ड्रॅगन मूव्ह मारताच येत नव्हती. बिचारा ड्रॅगन डान्स करून हिडन पॉवर फ्लाइंग आणि अर्थक्वेक मारत फिरायचा. चौथ्या पिढीत फिजिकल की स्पेशल हे प्रत्येक मूव्हचं स्वतंत्र ठरलं, आउटरेज फिजिकल झाला आणि त्याची ताकद ९० वरून १२० वर गेली. सगळे ड्रॅगन एका रात्रीत माजले.

त्यात गारचॉम्पला आउटरेज पहिल्यापासून मिळत होता, अंड्यातून वारशाने. सॅलमेन्सला तो प्लॅटिनममध्ये शिकवणीने मिळाला. म्हणून आधी नंबर लागला गारचॉम्पचा. स्वॉर्ड्स डान्सने हल्ला दुप्पट, वेग शंभराच्या वर, आणि हातात 'याची' (Yache) नावाची बेरी. बर्फाच्या चौपट माराने त्याला थांबवू म्हणून कोणी आइस बीम मारला तर ती बेरी मार निम्मा करायची, गारचॉम्प वाचायचा आणि पुढच्या टर्नला हिशोब चुकता करायचा. वर वाळूचं वादळ असलं की सँड व्हेलमुळे पाचातला एक फटका चुकायचा. गारचॉम्प उबर्समध्ये गेला.

मग मैदान सॅलमेन्सला मोकळं. त्याची अडचण निराळी होती: तो कुठला आहे हेच कळायचं नाही. ड्रॅगन डान्सवाला आहे समजून जाड बचावाचा स्कार्मरी आत आणावा तर ड्रॅको मीटिअर आणि फायर ब्लास्टवाला निघायचा. स्पेशल मार झेलणारी ब्लिसी आणावी तर आउटरेज. चुकीचा अंदाज म्हणजे एक पोकेमॉन गेला, आणि बरोबर अंदाजाला बक्षीस काही नाही. चौथ्या पिढीच्या अखेरीस तोही उबर्समध्ये.

पाचव्या पिढीत सॅलमेन्स निमूटपणे ओयूत परतला आणि फारसं कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. गारचॉम्प मात्र पुन्हा अडकला. तेव्हा टायरानिटार किंवा हिपोडॉन आला की वाळूचं वादळ कायमचं चालायचं. गारचॉम्प सब्स्टिट्यूट (आपल्या जागी मार झेलणारा पुतळा) करायचा, फटका चुकायची वाट बघायचा, चुकला की स्वॉर्ड्स डान्स. हरलेल्या माणसाला आपण काय चुकलो हे सांगताच यायचं नाही. पुन्हा बंदी आली. पुढे मतं बदलली, दोष गारचॉम्पचा नसून सँड व्हेलचा ठरला, ती अॅबिलिटी बाद झाली आणि रफ स्किनवाला गारचॉम्प परत आला. हा निर्णय मला त्या समुदायाच्या उत्तम निर्णयांपैकी वाटतो. उशिरा झाला एवढंच.

मेगा इव्होल्यूशनमध्ये कोणी बाजी मारली?

सॅलमेन्सने, आणि सामना अगदीच एकतर्फी.

मेगा गारचॉम्प २०१३ च्या एक्स-वायमध्ये आला. हल्ला १३० वरून १७०, स्पेशल हल्ला १२०, पण वेग १०२ वरून ९२. ज्या दोन अंकांवर त्याची सगळी मिजास होती तेच काढून घेतले आणि वर आठ आणखी कापले. रफ स्किन जाऊन सँड फोर्स आली, म्हणजे जोर वाढवायचा तर वाळूचं वादळ हवं, आणि सहाव्या पिढीपासून वादळ पाच टर्नमध्ये थांबतं. बरेच जण साधा गारचॉम्पच ठेवायचे आणि मेगाची जागा दुसऱ्याला द्यायचे.

मेगा सॅलमेन्स २०१४ च्या ओमेगा रुबी-अल्फा सफायरमध्ये आला. बचाव ८० चा १३०. वेग १२०. एरिलेट ही अॅबिलिटी: नॉर्मल मूव्ह फ्लाइंग होतात आणि वर ३० टक्के जास्त जोराने लागतात (पुढच्या पिढीत ते २० टक्के केलं). रिटर्न किंवा डबल-एजसारखी रोजच्या वापरातली मूव्ह अचानक तोफ झाली. वर आत येताना इंटिमिडेट आहेच, तो वापरून मगच मेगा व्हायचं. स्मोगनने त्याला उबर्समध्ये पाठवलं, तर २०१६ च्या अधिकृत दुहेरी मोसमात ग्राउडॉन आणि झर्नियसच्या जोडीला तो जिथे तिथे दिसायचा.

बर्फाला जास्त कोण घाबरतो?

दोघेही सारखेच, चौपट. मॅमोस्वाइन किंवा वीव्हाइलचा आइस शार्ड वेग न बघता आधी लागतो, त्यामुळे ड्रॅगन डान्स केलेला असो वा नसो, दोघांचाही कार्यक्रम होतो. फरक असलाच तर एवढाच की दगडांमुळे सॅलमेन्स बहुधा आधीच अर्धमेला असतो.

फेअरी प्रकार आल्यावर काय झालं?

२०१३ नंतर आउटरेज आंधळेपणाने दाबायचे दिवस गेले. फेअरीला ड्रॅगन मूव्ह लागतच नाही, आणि आउटरेजमध्ये दोन-तीन टर्न अडकलेला पोकेमॉन म्हणजे क्लेफेबलला आयतं गिऱ्हाईक. गारचॉम्पने हे लवकर पचवलं, कारण त्याचा मुख्य भर तोवर अर्थक्वेकवर आला होता. सॅलमेन्सकडे फ्लाइंगची दमदार फिजिकल मूव्ह मेगा होईपर्यंत जवळपास नव्हतीच, त्यामुळे त्याचं जास्त नुकसान झालं.

दुहेरी सामन्यांत कोण घ्यावा?

दुहेरीत इंटिमिडेट समोरच्या दोघांनाही लागतो, म्हणजे एका अॅबिलिटीत दुप्पट काम. टेलविंडने संघाचा वेगही वाढवता येतो. स्टेल्थ रॉक तिथे फारसे कोणी टाकत नाही, म्हणजे सॅलमेन्सच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरलं.

गारचॉम्पचा अर्थक्वेक दुहेरीत आपल्या साथीदारालाही लागतो, त्यामुळे शेजारी हवेतला कोणीतरी हवा. तरी त्याला कमी लेखू नका. २०१४ च्या विश्वविजेतेपदात से जुन पार्कच्या पाचिरिसू या खारीसारख्या पोकेमॉनची जगभर चर्चा झाली, पण त्याच संघात गारचॉम्पही होता. लोकांनी खारीचं कौतुक केलं, ते योग्यच. ओझं वाहणाऱ्याचं नाव कोणी घेतलं नाही.

दोघांना एकाच संघात ठेवलं तर?

दुहेरीत जमतं: सॅलमेन्स शेजारी असला की गारचॉम्प बिनधास्त अर्थक्वेक मारू शकतो. एकेरीत मात्र एक आइस बीमवाला आणि एक फेअरी दोघांनाही अडवून बसतात. एकाच किल्लीने उघडणारी दोन कुलपं कशाला बाळगायची?

नव्या खेळाडूने कोणता सेट वापरावा?

गारचॉम्प: रफ स्किन, रॉकी हेल्मेट, आणि मूव्ह स्टेल्थ रॉक, अर्थक्वेक, ड्रॅगन टेल, चौथी फायर ब्लास्ट किंवा स्पाइक्स. एचपी आणि बचावात भरपूर ईव्ही. चुका पचवणारा सेट आहे, हातून एखादी बदली चुकली तरी सामना जात नाही.

सॅलमेन्स: इंटिमिडेट, हेवी-ड्यूटी बूट्स, ड्रॅगन डान्स, रूस्ट, अर्थक्वेक आणि एक ड्रॅगन किंवा फ्लाइंग मूव्ह. हा पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढायचा नाही. समोरचा स्कार्फवाला आणि आइस शार्डवाला संपेपर्यंत दम धरायचा. दम धरवत नसेल तर गारचॉम्पच घ्या.

स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये सॅलमेन्स संपला का?

संपला म्हणणं जास्त होईल, पण मागे पडला. नवव्या पिढीत गारचॉम्प बराच काळ ओयूत टिकून राहिला, सॅलमेन्स खालच्या स्तरात खेळला. त्याचं एक कारण त्याच्याच घरातलं आहे. रोरिंग मून, म्हणजे मेगा सॅलमेन्सची आठवण करून देणारा प्राचीन अवतार, प्रकार ड्रॅगन-डार्क, हल्ला १३९, वेग ११९, ड्रॅगन डान्स त्याच्याकडेही आहे. दगड त्याला साधेच लागतात, कारण तो फ्लाइंग नाही. सॅलमेन्सचं जे काम होतं ते तो जास्त वेगाने करतो, मग मूळ सॅलमेन्स कोण नेणार? त्यात बेगॉनचं घराणं फक्त व्हायोलेटमध्ये सापडतं आणि रोरिंग मून फक्त स्कार्लेटमध्ये. गिबल दोन्हीकडे मिळतो.

टेरामुळे दोघांनाही सामन्यात एकदा प्रकार बदलता येतो. स्टील टेरा घेतलेला गारचॉम्प बर्फाला हसतो. सॅलमेन्सलाही हे करता येतं, पण एका संघाला एकच टेरा, आणि ती त्याच्यावर खर्च करायची का, हा पुन्हा तोच जुना तैनातीचा प्रश्न.

गोष्टीत कोण जास्त गाजला?

गारचॉम्प. हिंदीत कार्टून बघत मोठ्या झालेल्यांनाही सिनोची चॅम्पियन सिंथिया आणि तिचा गारचॉम्प वेगळा सांगावा लागत नाही. डायमंड-पर्लमध्ये तो लेव्हल ६६ चा आहे आणि तिथवर रमतगमत आलेल्यांचा संघ तो एकटा साफ करतो. सॅलमेन्स होएनच्या एलीट फोरमधल्या ड्रेकचा हुकमी एक्का. पण ड्रेकचं नाव किती जणांना आठवतं?

मी फक्त पोकेमॉन गो खेळतो. हे सगळं तिथे लागू होतं का?

जवळजवळ काहीच नाही. गोमध्ये अॅबिलिटी नाही, धरायच्या वस्तू नाहीत, स्टेल्थ रॉक नाही. म्हणजे वर ज्यावर पानं भरली ते सगळं वजा. तिथे बेगॉनचा कम्युनिटी डे एप्रिल २०१९ मध्ये झाला आणि सॅलमेन्सला आउटरेज मिळाला, गिबलचा जून २०२१ मध्ये झाला आणि गारचॉम्पला अर्थ पॉवर. रेडमध्ये ड्रॅगन मारा हवा असेल तर सॅलमेन्स, ग्राउंड हवा असेल तर गारचॉम्प, एवढं पुरे.

माझ्याकडे निन्टेन्डो स्विच नाही. हे करून बघायचं कुठे?

पोकेमॉन शोडाउनवर. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, २०११ पासून सुरू आहे, साध्या फोनवरही उघडतं. संघ जमवायला पोकेमॉन पकडावे लागत नाहीत, नाव टाइप करा, ईव्ही भरा, खेळा. जुन्या पिढ्यांचे सामनेही तिथे मिळतात, त्यामुळे चौथ्या पिढीतला सॅलमेन्स किती त्रास द्यायचा हे स्वतः अनुभवता येईल.

एकच सूचना: एका सामन्यावरून मत बनवू नका. तोच संघ ठेवून फक्त ड्रॅगन बदला, दोघांना सारखे सामने द्या आणि प्रत्येक सामन्यात तो ड्रॅगन आत किती वेळा येऊ शकला ते मोजा. किती पोकेमॉन पाडले हे मोजण्यापेक्षा हा आकडा जास्त बोलका निघतो.